फुटले नव्हे, वाढले

मराठी घरात नारळ फोडत नाहीत, वाढवतात. दुकान बंद होत नाही, तेही वाढवले जाते. आम्हा मुलांपैकी कोणी "आजी, तुझी बांगडी फुटली" असे ओरडले, की ती दटावीत असे, "फुटली म्हणू नये, वाढली म्हण." अशुभ शब्द तोंडातून निघू नये म्हणून भाषेने काढलेली ही पळवाट आहे, असे जाणकार सांगतात, आणि ते खरेच आहे. परंतु मला या एका क्रियापदात आपल्या जुन्या घरांची सगळी रीत सामावलेली दिसते. त्या घरांत वस्तू फुटत असे, पण संपत नसे. तिचे एक काम संपले की दुसरे सुरू होई, आणि त्या दुसऱ्या कामाची जागा बहुधा अंगणात असे.

आज या विषयावर लिहिण्याचे निमित्त तसे लहानच आहे. दिवाळी जवळ आली की बाजारात अंगण सजवण्याचे सामान रचलेले दिसते. कधी न कोमेजणारी प्लॅस्टिकची फुले, हिरवळीच्या रंगाची गुंडाळी, सोनेरी मुलामा दिलेल्या कुंड्या, चिकटवायची रांगोळी. हे सामान आपण एका हाताने विकत घेतो, आणि दुसऱ्या हाताने घरातली पितळेची चेपलेली घागर, कान तुटलेले कप आणि गळका डबा भंगारवाल्याच्या गाडीवर चढवतो. त्याच सुमारास मुलांच्या शाळेत "टाकाऊतून टिकाऊ" या विषयावर स्पर्धा असते. तिच्यासाठी आपण नव्या बाटल्या, नवे रंग, नवा डिंक आणि नव्या टिकल्या आणून देतो. म्हणजे जुने विकायचे, आणि जुन्याचे सोंग आणण्यासाठी नवे विकत घ्यायचे! या व्यवहारात आपले काही चुकते आहे, असे मला वाटते. त्या चुकीत माझाही वाटा आहे, तो पुढे सांगेनच.

माझे बालपण आदिलाबादेत गेले. सुलतानबझार-काचीगुड्यातील आपल्या अनेक कुटुंबांची मुळे परभणी, नांदेड, बीड या बाजूची. आमचे घर त्याहून उत्तरेचे, पैनगंगेच्या अलीकडचे. पलीकडे वऱ्हाड, अलीकडे तेलुगू मुलूख, आणि चहू अंगांना गोंड-कोलामांची गावे. १९५६ साली राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या तेव्हा किनवट आणि राजुरा हे आमचे तालुके तिकडे गेले, आणि मुधोळ-भैंसा आमच्याकडे आले. नकाशावर रेघ ओढली गेली, पण अंगणात ती कधी उमटली नाही. आमच्या दारात आई ठिपक्यांची रांगोळी काढी, तर शेजारच्या दारात तांदळाच्या पिठाचा मुग्गू असे. दोघी एकमेकींची वळणे पाहून आपल्यात घेत.

त्या अंगणात विकत आणलेले असे फारसे काही नव्हते. कुंपण पऱ्हाटीचे होते. कापूस वेचून झाल्यावर शेतातून निघणाऱ्या काड्यांना याहून चांगला उपयोग त्या काळी नव्हता. फुलझाडांच्या वाफ्यांना काठ होता तो वादळात उतरलेल्या कौलांचा. तिरपी उभी करून, एकीचा खांदा दुसरीला टेकवून ती जमिनीत पुरलेली. डालड्याचे पिवळे डबे एका ओळीत असत. वरची कड हातोडीने आत वळवून बोथट केलेली, बुडाला खिळ्याने पाडलेली चार भोके, आणि त्या भोकांवर फुटक्या माठाची खापरे, म्हणजे पाणी निघून जाईल पण माती जाणार नाही. कोणात सब्जा, कोणात झेंडू, कोणात गुलबक्षी. डब्याला गंज चढू लागला की दसऱ्याच्या आधी त्याला रंग मिळे. भिंतीचा चुना उरलेला असे, त्यात कपड्यांची नीळ कालवली की आकाशी, पिवडी कालवली की पिवळा, आणि काव तर घरात असेच. चुना नुसता लावला तर बोटाला येतो. म्हणून आई त्यात चिंचोक्याची खळ घाली. चिंच फोडून उरलेले चिंचोके भाजायचे, साली काढून कुटायचे आणि शिजवायचे, की अशी चिकट खळ होते. डबे माणसाला विटले होते, पण झाडांना ते पुरत. दरवर्षी नवा रंग घेऊन ते उभे राहिले की सणाला नवे कपडे घातलेल्या मुलांसारखे दिसत.

पण अंगणाचा खरा मान तुळशीवृंदावनाचा. आमचे वृंदावन दगडाचे नव्हते. विटांचे, चुन्यात बांधलेले, कंबरेइतक्या उंचीचे. त्याच्या चारी बाजूंना आईने आणि आजीने तुकडे बसवलेले होते. निळ्या फुलांच्या बशीचे, चिनी मातीच्या बरणीचे, आजीच्या हिरव्या बांगड्यांचे, आत्याच्या लग्नात आणलेल्या लाखेच्या चुड्याचे, आणि एक आरशाचा, जो वडिलांच्या दाढीच्या वेळी हातातून निसटला होता. काम कसे केले तेही मला आठवते, कारण तुकडे पुरवण्याचे काम माझे होते. भिंत आधी पाण्याने भिजवून घ्यायची. मग बोटभर जाडीचा ओला गिलावा, पण तोही एका वेळी हातभर जागेतच द्यायचा, कारण तो सुकू लागला की तुकडा धरीत नाही. तुकड्याची धारेची बाजू आत, गुळगुळीत बाजू बाहेर. अंगठ्याने दाबायचा, वर आलेला गिलावा ओल्या फडक्याने पुसून टाकायचा. पुढे आठवडाभर रोज सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचे. मग नारळाच्या शेंडीने घासले की आतले रंग उजळून येत. संध्याकाळी दिवा लावला की तो आरशाचा तुकडा एकदाच चमके. आई म्हणे, "बघ, तुझ्या बाबांची धांदल अजून दिसते."

ही केवळ आमच्या घराची हौस होती असे कोणी समजू नये. त्या जिल्ह्याच्या हातालाच हे वळण आहे. निर्मलची खेळणी आपल्यापैकी बहुतेकांच्या दिवाणखान्यात असतील. निर्मल हे २०१६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातलेच गाव. पुढे जिल्ह्याचे चार भाग झाले आणि ते स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण झाले. तिथले नक्काश कारागीर पोणिकी नावाच्या हलक्या, मऊ लाकडाची फळे, पक्षी, प्राणी करतात. त्यांचे सांधे बुजवायला आणि अंग गुळगुळीत करायला ते चिंचोक्याच्या खळीत लाकडाचा भुसा मिसळून लगदा वापरतात. ज्याला आपण कचरा म्हणू तो चिंचोका आणि भुसाच त्या सुंदर हरणाचे पाय त्याच्या धडाला धरून ठेवतो. वरचा रंग सगळ्यांना दिसतो, आतला चिंचोका कोणाला दिसत नाही. पण तो नसता तर रंग लावायला हरीणच उभे राहिले नसते.

दुसरे उदाहरण जैनूरकडच्या ओझांचे. उशेगावसारख्या गावांत हे लोक पितळेचे ओतीव काम करतात. त्याला डोकरा म्हणतात, आणि आदिलाबादच्या डोकऱ्याला २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. मातीचा गाभा करायचा, त्यावर मेणाच्या बारीक दोऱ्या गुंडाळून नक्षी काढायची, वरून पुन्हा मातीचा लेप द्यायचा, आणि साचा तापवायचा. मेण वितळून निघून जाते आणि त्याच्या रिकाम्या जागेत वितळलेले पितळ शिरते. शेवटी साचा फोडावा लागतो, म्हणून एकासारखी दुसरी मूर्ती कधी होत नाही. आता हे पितळ येते कुठून? बऱ्याच अंशी मोडीतून. कोणाच्या घरची चेपलेली घागर, कोणाचा झिजलेला तांब्या. गोंडांच्या देवांच्या मूर्ती, घंटा, घुंगरे अशाच धातूतून घडत आली आहेत. घरातून टाकून दिलेले भांडे तिथे देव होऊन बसते. यापेक्षा मोठे "वाढणे" कोणते?

तिसरे उदाहरण सर्वांच्या ओळखीचे, बतुकम्माचे. सर्वपित्री अमावास्येपासून नऊ दिवस तेलंगणाच्या स्त्रिया फुलांचा मनोरा रचतात. आता हा राज्याचा सण आहे, पण त्यात मानाचे फूल कोणते, तर तंगेडू आणि गुनुगू. तंगेडू म्हणजे आपला तरवड, जो माळावर आणि रस्त्याच्या कडेला आपोआप उगवतो. गुनुगू म्हणजे कुरडू, ज्याला शेतकरी तण म्हणून उपटून फेकतो. त्याच कुरडूच्या पांढऱ्या तुऱ्यांना रंगात बुडवून या बाया मनोऱ्याचे थर चढवतात. आमच्या आळीत एका बाजूला भुलाबाईची गाणी चालत आणि दुसऱ्या बाजूला बतुकम्माभोवती टाळ्या वाजत, आणि दोन्हीकडच्या मुली परडी घेऊन एकाच माळावर जात. बतुकु म्हणजे जगणे. आई गौरीला "जग" असे म्हणताना हाताशी घेतलेले फूल बागेतले नसून उपटून टाकलेले आहे, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते.

असा वारसा पाठीशी असताना मी काय केले, ते आता सांगतो.

वडील गेले, मग आई गेली. मी नोकरीनिमित्त हैदराबादेत स्थायिक झालेला होतो. आदिलाबादच्या घरी दादा आणि वहिनी राहत. २००९ साली घराची डागडुजी निघाली, आणि पैसे मी देणार असल्यामुळे मतही माझेच चालले. अंगणात पावसाळ्यात चिखल होतो, सारवणाला आता माणूस मिळत नाही, पाहुणे येतात तेव्हा हे सगळे गबाळे दिसते, अशी कारणे मी दिली. खरे कारण शेवटचे होते. शहरातल्या मित्रांना घेऊन गेलो असता त्या रंगवलेल्या डब्यांकडे पाहून मलाच ओशाळल्यासारखे झाले होते. मी सबंध अंगणाला चकचकीत फरशी घातली. डबे, कौले, घागरी मोडीत दिल्या. वृंदावन जुने, कललेले होते, गवंड्याने विचारले, "हे ठेवायचे का?" मी म्हणालो, "पाडा." शहरातून तयार, पांढरे, गुळगुळीत वृंदावन आणले होते. ते त्या जागी बसवले आणि त्याचा फोटो काढून सर्वांना पाठवला.

वहिनी काही बोलल्या नाहीत. गवंडी गेल्यावर त्या राबिटात खाली बसल्या होत्या, एवढे मी पाहिले. त्या काय करीत आहेत हे विचारण्याचीही मला गरज वाटली नाही.

पुढे काय झाले ते ज्यांनी अशी फरशी घातली आहे त्यांना सांगायला नको. आदिलाबादचा उन्हाळा कडक. पूर्वी सडा घातला की माती निवत असे. आता दुपारी दोनला तापलेली फरशी रात्री नऊपर्यंत चटका देई. पावसाचे पाणी जमिनीत जिरायचे थांबले आणि नालीतून रस्त्यावर जाऊ लागले. कोपऱ्यातल्या पारिजातकाच्या बुंध्याशी फरशी आवळली गेली होती. तीन वर्षांत तो वठला. अंगण स्वच्छ झाले होते यात शंका नाही. पण तिथे संध्याकाळी कोणी बसेना.

गेल्या वर्षी दिवाळीला गेलो होतो. दादांची नात नऊ वर्षांची आहे. तिने आल्या आल्या मला यादी दाखवली. शाळेत "टाकाऊतून टिकाऊ" स्पर्धा होती, बागेची सजावट करून न्यायची होती. यादीत होत्या सहा बाटल्या, रंगांचा डबा, सोनेरी कागद, थर्मोकोल. "धाकटे आजोबा, पाचशे रुपयांत होईल का हो?" मी खिशात हात घातला तेवढ्यात वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "भावोजी, नवं आणून त्याला टाकाऊ म्हणायचं, तर मग घरातलं टाकाऊ कशाला विकलं होतं?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते लागले. मग त्यांनी नातीला शिडी आणायला सांगितली. माळ्यावरून एक गंजलेले घमेले खाली आले. वर जुन्या लुगड्याचा तुकडा बांधलेला. तो सोडला तर आत निळ्या फुलांच्या बशीचे तुकडे, बरणीचे तुकडे, हिरव्या काचा, आणि चुन्याने माखलेला आरशाचा तो तुकडा. त्या दिवशी त्या राबिटात बसून हेच वेचीत होत्या. इतकी वर्षे त्यांनी ते माझ्याजवळ एका शब्दाने काढले नव्हते.

"काकी, हे काय आहे?" असे नातीच्या आईने विचारले, तेव्हा वहिनींनी एकेक तुकडा हातात घेऊन सांगायला सुरुवात केली. ही बशी तुझ्या पणजेसासऱ्यांच्या बदलीच्या वेळी बैलगाडीतून पडली. ही बांगडी मोठ्या आजींची, कापूस विकून आलेल्या पैशांत घेतलेली. त्या घरात मी जन्मलो, पण त्यातल्या निम्म्या गोष्टी मला ठाऊक नव्हत्या. सासूने सुनेला सांगितल्या होत्या, आणि त्या घमेल्यात राहिल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही गवंड्याला बोलावले नाही. दादांनी आणि मी मिळून पारिजातकाच्या जागेभोवतीच्या फरश्या छिन्नीने काढल्या. खालची माती दगडासारखी झाली होती. ती खणून शेणखत घातले. काढलेल्या फरशांचे तुकडे उभे रोवून वाफ्याला काठ केला; माझ्या चुकीला तरी काही काम मिळाले. मधोमध नातीने विटांचा लहानसा ओटा रचला आणि वहिनींनी तिला तुकडे बसवायला शिकवले. एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू, धार आत, गुळगुळीत बाजू बाहेर. चुन्याऐवजी सिमेंट, एवढाच फरक. आरशाचा तुकडा कुठे बसवायचा यावर बरीच चर्चा झाली. शेवटी तो पश्चिमेला बसला, मावळतीचे ऊन त्यावर पडावे म्हणून. स्पर्धेला न्यायला ओटा उचलता येणार नव्हता. मुलीने त्याचा फोटो नेला. बक्षीस मिळाले नाही. सोनेरी कागद लावलेल्या बाटल्यांना मिळाले. मला वाटले ती हिरमुसली असेल. ती म्हणाली, "त्यांच्या बाटल्या आता कचऱ्यात गेल्या. आपला ओटा आहे अजून."

ही घरगुती हकिकत मी येथे सांगितली ती एवढ्यासाठी, की या विषयाकडे आपण फार वरवर पाहतो. टाकलेल्या वस्तूंतून शोभा निर्माण करणे म्हणजे मुलांचा हस्तव्यवसाय किंवा गरिबीची काटकसर, अशी आपली समजूत. वास्तविक या कामाने जगात फार मोठी उंची गाठलेली आहे. चंदीगडचा रॉक गार्डन आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. नेकचंद हे सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्त्यांचे निरीक्षक होते. नवे शहर उभारण्यासाठी जी गावे हटवली गेली, त्यांच्या राबिटातून त्यांनी फुटक्या बशा, बांगड्या, दिव्यांचे साहित्य गोळा केले आणि १९५७ पासून शहराच्या कडेच्या जंगलात, कोणाला न सांगता, मूर्ती उभारायला सुरुवात केली. १९७५ मध्ये सरकारला त्याचा पत्ता लागला. जागा सरकारी, काम बेकायदा. ते पाडून टाकता आले असते. पण पाडले नाही, आणि १९७६ मध्ये ती बाग लोकांसाठी खुली झाली. बार्सिलोना शहरात गौदी या वास्तुकाराने विसाव्या शतकाच्या आरंभी फुटक्या चिनी फरशांच्या तुकड्यांनी एका टेकडीवरच्या उद्यानाची बाके मढवली, आणि जगभरचे लोक ती पाहायला जातात. आपल्या आज्यांनी वृंदावनाला तुकडे बसवले तेव्हा त्यांनी ही नावे ऐकलेली नव्हती. पण हात तोच होता.

मात्र उत्साहाच्या भरात विवेक सुटू नये, म्हणून चार गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. पहिली, पाण्याची. जुना टायर, करवंटी, डबा, बाटली यांत पाणी साचले की डेंग्यूचा डास तिथेच अंडी घालतो. तो घाण नव्हे, स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून उडण्यापर्यंत त्याला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून ज्या भांड्यात झाड लावायचे त्याला बुडाशी भोके हवीतच, आणि पाखरांसाठी पाणी ठेवायचे भांडे आठवड्यातून एकदा तरी घासून, कोरडे करून पुन्हा भरायला हवे. दुसरी, रंगाची. जुन्या तेलरंगांत शिसे असे, आणि ते मुलांच्या मेंदूला घातक आहे. नोव्हेंबर २०१७ पासून आपल्या देशात घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे असू नये असा नियम लागू झाला. तेव्हा जुने दार, जुनी खिडकी बागेत सजावटीला घेताना तिचा रंग कोरडा खरवडू नये. त्या धुळीतच धोका असतो. तिसरी, शेतीच्या औषधांचे डबे. कापसाच्या मुलखात ते घरोघरी सापडतात. कितीही धुतले तरी ते फुलझाडालाही नकोत आणि मुलांच्या हातीही नकोत. चौथी, थर्मोकोलची. सजावटीच्या थर्मोकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. ते मातीत मिसळत नाही, फक्त बारीक होत जाते. त्याला अंगणात जागा देणे म्हणजे कचरा दाराबाहेर टाकण्याऐवजी दाराशी पुरणे होय.

आणखी एक. काहीच टाकायचे नाही असा हट्टही बरा नव्हे. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण आणि मोड घेणारा भंगारवाला हेही आपल्या घरांच्या जुन्या व्यवस्थेचेच भाग आहेत. त्यांच्यामुळेच तर आपले पितळ ओझाच्या भट्टीपर्यंत पोहोचते. सगळेच घरात साठवले तर अंगणाची अडगळ व्हायला वेळ लागत नाही. काय ठेवावे आणि काय द्यावे याची एक साधी कसोटी मला वहिनींच्या घमेल्याने शिकवली. त्या वस्तूला अंगणात काही काम आहे का? ती झाड धरते का, पाणी धरते का, माती अडवते का, पाखराला उतरायला जागा देते का, की निदान घरातली एखादी गोष्ट सांभाळते? यांतले काहीच करत नसेल तर तिला खुशाल मोडीत जाऊ द्यावे. पण यांतले एक जरी करत असेल, तर तिला विकण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्या बाईला एकदा विचारावे. मी ते विचारले नाही, हीच माझी चूक.

आपली जुनी कुटुंबे आता सदनिकांत राहायला गेली आहेत हे मला ठाऊक आहे. पऱ्हाटीचे कुंपण आणि कंबरभर वृंदावन तिथे मावणार नाही. पण गॅलरीतल्या कठड्याला एक डबा मावतो. खापराचे चार तुकडे मावतात. कान तुटलेल्या कपात सब्जा चांगला येतो, फक्त बुडाला भोक पाडताना कप पाण्यात धरावा, म्हणजे तो तडकत नाही. पुढच्या वेळी शाळेतून यादी आली तर बाजारात जाण्याआधी मुलांना घेऊन माळ्यावर चढा. शिक्षकांनाही माझी विनंती आहे की विकत आणलेल्या वस्तूला गुण देऊ नयेत. ती वस्तू आधी घरात कोणाची होती हे मुलाला सांगता आले, तर त्याचे गुण द्यावेत. अशा स्पर्धेत कदाचित देखणी सजावट कमी दिसेल, पण मुले आपल्या आजीशी तासभर बोललेली असतील.

माझ्या आजीचा तो शब्द मला आता नीट कळतो. ती बांगडी फुटलीच होती, यात काय शंका? पण तिचा तुकडा आजीने उचलला, सुनेने भिंतीत बसवला, नातसुनेने राबिटातून वेचला, आणि आता चौथ्या-पाचव्या पिढीच्या मुलीने आपल्या अंगठ्याने दाबून ओट्यात बसवला आहे. त्या ओट्यापाशी नवा पारिजातक लावला आहे. तो अजून गुडघ्याएवढाच आहे. परवा वहिनींचा फोन आला होता, तेव्हा त्या म्हणाल्या, "भावोजी, त्याला पहिलं फूल आलं. आरशाच्या तुकड्यात बघितलं तर दोन दिसतात."